तीन मुक्या पट्ट्या

मिल्या, काल तुझ्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलले की मधेच मला शंका आली, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या पुण्यानुमोदनाला तर येऊन बसलो नाही ना? मान वळवून फोटो पाहिला. तूच होतास. रेल्वेच्या ओळखपत्रासाठी कधीतरी काढलेला फोटो मोठा करून पांढऱ्या फुलांत ठेवला होता. तोंडावर तेच अर्धं हसू. समोरच्याचा पाय शेणात पडणार आहे, आपल्याला ते दिसलंय आणि आपण काही बोलणार नाही, असलं हसू.

"मनमिळाऊ" म्हणाले तुला. "कुणाचं मन कधी दुखावलं नाही" म्हणाले. तुझ्या ऑफिसचे एक साहेब तर म्हणाले की मिलिंदरावांच्या तोंडून कधी उणा शब्द ऐकला नाही. माझ्या शेजारी जब्बारभाई बसले होते. त्यांनी माझ्या मांडीला चिमटा काढला आणि तोंडावर रुमाल धरून पुटपुटले, "सुनरा ना रे दत्ता? इसमें का आधा बी सच रहता तो अपने बाल अब्बी काले रहते."

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी घसा बसलाय असं सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण मला जे बोलायचं होतं ते भंतेजींसमोर आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तू मेलास म्हणून काही तुझा स्वभाव सुधारत नाही. मग रात्रभर चुडाव्याच्या घरात कूस बदलत पडलो, आणि आज दुकान उघडलंच नाही. लिहायला बसलोय. तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नाही, तेव्हा मधूनमधून तुला माहीत असलेलंच तुला ऐकावं लागेल. ऐक. आता उठून जायची सोय नाही तुला.

तर पूर्ण्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये एक पियानो होता. गोऱ्या साहेबांच्या काळातला. त्याच्यावर कॅरमचे बोर्ड रचलेले असायचे आणि एका बाजूला टेबल टेनिसचं फाटकं जाळं. त्या पियानोला कुणी वाली नव्हता, फ्रँक अंकल सोडून. रिटायर झालेले गार्ड, पोरं ऑस्ट्रेलियात, आणि हे आपले पूर्ण्यालाच राहिले. तू ड्यूटी संपली की त्यांच्या मागं मागं फिरायचास. त्यांनी तुला जॅझ शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, एकच धडा दिला त्यांनी. तू घाई करायला लागलास की ते तुझ्या मनगटावर हात ठेवून म्हणायचे, "जल्दी काहे का? गाडी लेट है." आपल्या पहिल्या चालीचं नाव त्यावरूनच पडलं, 'लेट पॅसेंजर'.

अंकल गेले आणि पियानो तुझ्या गळ्यात पडला. उंदरांनी आतल्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा खाल्ला होता. सिकंदराबादहून एक मेकॅनिक बोलावलास. त्यानं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, झाकण लावलं आणि म्हणाला, चुलीला घाला. तू त्याला चहासुद्धा पाजला नाहीस. मग तूच पकड, तारेचे तुकडे आणि फेविकॉल घेऊन महिनाभर त्याच्या पोटात डोकं घालून बसलास आणि बाकी सगळ्या पट्ट्या जगवल्यास. तीन मात्र गेल्या त्या गेल्याच. आणि त्याही नेमक्या मधल्या, जिथं हात सारखा जातो. दाबलं की सूर नाही, नुसतं लाकूड वाजायचं. टक.

मी तेव्हा तुमच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचो. चुडाव्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, पूर्ण्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि भीमजयंतीच्या दिवसांत तुमच्या स्टेजवर. तुझ्या घरी पहिल्यांदा जेवलो हे आमच्या आबांना कळलं तेव्हा हप्ताभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं तुला सांगितलं की तुला जरा तरी वाईट वाटेल. तू काय म्हणालास? "हप्ताभर? मंग लय सुखात काडला असशील की." आणि वहिनींना हाक मारलीस, "वंदना, ह्याला अजून दोन भाकरी वाढ. आबा महिनाभर बोलले न्हाई पायजेत." मी ठसका लागेस्तोवर हसलो. त्या दिवसापासून आबांची भीती गेली ती गेलीच. हे मात्र तुझं देणं. बाकी तुझ्या देण्यांत असला रोकडा माल फार नाही.

एकदा संध्याकाळी तू पियानोवर होतास आणि मी खुर्चीवर बसून तारा लावत होतो. तुझं बोट मुक्या पट्टीवर पडलं, टक झाली, तू पियानोला आईवरून शिवी दिलीस. मी गमतीनं तो सूर गिटारवर दिला. तू थांबलास. माझ्याकडे बघितलंस. परत तीच पट्टी दाबलीस, मुद्दाम, जोरात. टक. मी परत सूर दिला. मग दुसरी मुकी पट्टी. मग तिसरी. त्या संध्याकाळी आपण दोघं वेडे झालो होतो. दुसरा कुणी शहाणा असता तर त्या तीन पट्ट्या चुकवून वाजवायला शिकला असता. तू त्या हुडकून हुडकून दाबायला लागलास. तुझी टक पडायची आणि तिची शेपटी धरून माझा सूर यायचा. जब्बारभाई लग्नाच्या बँडमधला साइड ड्रम घेऊन आले, तारेच्या ब्रशनं त्याच्यावर खसखस करायला लागले, आणि आपली पार्टी पुरी झाली.

थांबायला मला तूच शिकवलंस हेही लिहून टाकतो, नाहीतर वर बसून म्हणशील दत्त्यानं खाल्लं. मी आपला घाईचा माणूस. गिऱ्हाईक दारात यायच्या आत मोटर उघडणारा. तू म्हणायचास, "टक ऐकल्याबिगर हात हालला तर बोट मोडीन." एवढी वर्षं मी तुझ्या टकेची वाट बघत बसलो आणि त्या बसण्यात मला जे मिळालं ते शेतीत मिळालं नाही, दुकानात मिळालं नाही, देवळात तर नाहीच.

आता ते रेकॉर्डिंग. सगळ्या जगाला तेवढंच माहीत आहे आपलं.

नांदेडचा रेकॉर्डिंगवाला जयंतीची गाणी रेकॉर्ड करायला आला होता. गायक परभणीहून यायचा होता आणि त्याची गाडी लेट होती. भर दुपार, वर पंखा कुरकुरतोय, सगळे घामाघूम. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, तोवर काहीतरी वाजवा, मला माईक बघू द्या. आपण 'लेट पॅसेंजर' सुरू केलं आणि त्यानं मशीन बंदच केलं नाही. चहा आला, पेले वाजले, स्टेशनवरची अनाऊन्समेंट खिडकीतून आत आली, मधेच कुणीतरी दार उघडून "गायक आला का वं?" म्हणून विचारून गेलं. ते सगळं त्यात आहे. त्यानं ते तसंच यूट्यूबवर टाकलं, आणि पुण्या-मुंबईची माणसं ऐकायला लागली. खाली काय काय लिहायचे लोक! किती निवांत वाजवतात. जीवाभावाचे मित्र दुपारच्या वेळी स्वतःसाठी वाजवतायत असं वाटतं. गिटार नेहमी जराशी उशिरा येते, त्यात केवढा आराम आहे.

आराम! मिल्या, माझं त्या दिवशी रक्त उकळत होतं. वाजवायला बसायच्या आधी तू रेकॉर्डिंगवाल्याला आमची ओळख करून दिली होतीस. "हे जब्बारभाई, ड्रमवर. आन हा दत्ता. हे माझ्या पट्ट्याला लावलेलं ठिगळ हाय." सगळे हसले. जब्बारभाईसुद्धा हसले, नंतर त्यांना मी चांगलंच ऐकवलं. मी हसलो नाही. गिटार घेऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, खुर्चीवर बसलोसुद्धा नाही. आणि तुला तेवढ्यानं समाधान झालं नाही. चाल अर्ध्यावर आल्यावर तू मान न वळवता म्हणालास, "ए ठिगळ, दमानं घे." त्याच्यामागं तुझं ते हसू. रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. लोकांना तीच जागा सगळ्यात जास्त आवडते. कुणीतरी लिहिलंय, या हसण्यात सगळी मैत्री आहे. मी ते वाचून मोबाईल गादीवर फेकला होता. फरशीवर फेकायचा होता, पण मोबाईल माझा होता.

त्यानंतर पूर्ण्यात माझं नावच ठिगळ पडलं. गिऱ्हाईकं दुकानात येऊन विचारायची, "ठिगळभाऊ, मोटर झाली का?" तुला मी ते सांगितलं तर म्हणालास, "बग, नाव झालं का न्हाई तुझं?"

मग तो पेपरवाला आला. हॉलमध्ये तुझी मुलाखत घेत होता आणि मी तिथंच हातात चहा घेऊन उभा. त्यानं विचारलं, ती मधेमधे लाकडाची टकटक येते ती मुद्दाम असते का? मी म्हटलं आता सांगेल. आता तरी सांगेल की पट्ट्या मेलेल्या आहेत, आणि ते सूर ह्या उभ्या माणसाचे आहेत. तू पियानोवरून हात फिरवलास आणि म्हणालास, "लाकडालाबी त्याचा एक सूर असतोय, साहेब." पेपरवाल्यानं खाली मान घालून ते लिहून घेतलं. मोठ्या अक्षरात छापून आलं. फोटोत माझं कोपर आलं. खाली लिहिलं होतं, साथीला गिटार. गिटारला काय हात होते का रे?

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत पुरलं. माझं मागणं काय होतं? एकदा, फक्त एकदा, चार माणसांत सांग की ते तीन सूर दत्ताचे आहेत. दुसरं काही नको. तू दरवेळी तेच म्हणायचास, "सांगतो की. मरायच्या आदी सांगतो." जब्बारभाई म्हणायचे, "बोल दे ना रे, क्या जाता तेरा?" तू म्हणायचास, "त्याला राग आला की तो चांगला वाजवतोय, जब्बारभाई. आता कामून बिघडवू?"

आणि हे खरं होतं, त्याचाच तर मला जास्त राग यायचा.

संभाजीनगरचं बोलावणं आलं तेव्हा तर तू कहरच केलास. मोठा हॉल, तिथं चकचकीत काळा पियानो. माझ्या दुकानात आलास, स्टुलावर बसलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तिथं समद्या पट्ट्या वाजतेत. तुझं तिथं काय काम हाय? ऐकायला ये पायजे तर." मी हातातली वाइंडिंगची तार तशीच धरून बसलो. तू जब्बारभाईंना घेऊन गेलास. आणि मी गेलो, मिल्या. दुसऱ्या गाडीनं गेलो, स्वतःचं तिकीट काढून. तुझी फजिती बघायला गेलो होतो असं मी घरी सांगितलं आणि ते बरंचसं खरं होतं.

फजिती झालीच. 'लेट पॅसेंजर' सुरू झालं. पहिल्या मुक्या पट्टीची जागा आली. तिथला पियानो काही मुका नव्हता, बोट टेकवलं असतं तरी सूर आला असता. तुझं बोट वर उचललं गेलं आणि वरच राहिलं. तेवढी जागा रिकामी गेली. दुसरीकडेही तेच, तिसरीकडेही तेच. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे मिटून "वा" म्हणाली. मला हसू आलं ते आवरेना, लोक वळून बघायला लागले. कार्यक्रम झाल्यावर बाहेर तुला गाठलं आणि भरपूर सुनावलं. "घाण्याचा बैल रे तू! जू काढलं तरी गोलच फिरतोस. एवढा सोन्यासारखा पियानो दिला लोकांनी, आणि तुझी खोड जात नाही." मला वाटलं तू दुप्पट देशील. तू स्टेशनकडे चालायला लागलास. येताना सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत बसलास. परभणी गेलं, मिरखेल गेलं, तरी बोलला नाहीस. मी म्हटलं, बरं झालं, जिरली.

काही दिवसांनी तू घरच्या कूलरची मोटर काखेत मारून दुकानात आलास. मी उघडून बघितली. मोटरीला काही झालं नव्हतं. परत लावली आणि म्हणालो, "झाली." तू म्हणालास, "बरं." संध्याकाळी मी गिटार घेऊन इन्स्टिट्यूटला आलो. आपल्या दोघांत माफी मागायची ही अशी पद्धत होती, आणि मोटर कुणी आणायची याच्यावरून सुद्धा आपण भांडलो असतो.

नांदेडच्या दवाखान्यात तुला बघायला आलो तेव्हा तू अगदी चिपाड झाला होतास. मनात म्हटलं, आता तरी. खोलीत वहिनी होत्या, जब्बारभाई होते, एक नर्स होती, तुझी पोरगी प्रज्ञा होती. मोजून चार माणसं, मिल्या, मी मागितली होती तशी. आता सांग. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस, आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोट आपटलंस. टक. माझ्याकडे बघत राहिलास. मला कळलं. गिटार नव्हती जवळ, मी तोंडानंच तो सूर धरला, हळू. दवाखान्यात कुणी गातं का? वहिनी तोंड फिरवून रडायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "उतरलाय."

एवढंच. सूर उतरलाय.

मी पिशवी उचलली आणि स्टेशनवर आलो. गाडीत बसल्यावर सुद्धा शिव्या देत होतो. मरणाच्या दारात ह्या माणसाला माझ्या सुराची पट्टी मोजायचीय! पुढच्या हप्त्यात येऊन चांगलं सुनावीन असं ठरवलं होतं. पुढचा हप्ता तू ठेवलाच नाहीस. आपल्या दोघांतला तुझा शेवटचा शब्द तेवढा, उतरलाय. माणसं मरताना काय काय म्हणून जातात, आणि माझ्या वाट्याला हे.

म्हणून काल मी ठरवूनच आलो होतो. वहिनींचा निरोप होता, "दत्ताभाऊ, गितार घेऊन या. प्रज्ञा पप्पाचं वाजवणार हाय." घर लहान म्हणून कार्यक्रम इन्स्टिट्यूटच्याच हॉलमध्ये ठेवला होता. कॅरमचे बोर्ड खाली उतरवले होते, पियानो पुसला होता, त्याच्यावर तुझा फोटो आणि मेणबत्त्या. मी गिटार आणली, पण तारा सुरात लावल्याच नाहीत. वाजवायचंच नव्हतं मला. मनाशी म्हटलं, वाजव पोरी तुझ्या बापाचं. ती तीन भोकं ह्या हॉलमध्ये भोकं म्हणूनच राहू देत. कळू दे सगळ्यांना, मिलिंदरावांचं किती होतं आणि ठिगळाचं किती.

त्रिशरण पंचशील झालं, भाषणं झाली, आणि प्रज्ञा पियानोवर बसली. मिल्या, पोरगी कॉलेजात जाते, पण बसली अगदी तुझ्यासारखी, एक पाय स्टुलाखाली दुमडून. 'लेट पॅसेंजर' सुरू केलं. अगदी दमानं. पहिली जागा आली. तिनं बोट उचललं, वर धरलं. मी गिटारवर दोन्ही हात ठेवून गप्प बसलो. भोक पडलं. छातीत कसं थंडगार वाटलं मला, काय सांगू. मग इकडं तिकडं बघितलं, लोकांची तोंडं बघायला.

लोक डोळे मिटून माना डोलवत होते! तुझ्या ऑफिसचे ते साहेब शेजारच्याला म्हणाले, "काय शांतता आहे बघा. अगदी वडिलांसारखी."

एवढी वर्षं राग सांभाळला, वाढवला, आणि काढायची वेळ आली तर त्याचंही तुझ्याच नावावर कौतुक. दुसरी जागा आली, मी गप्प. लोक आणखी डोलले. जब्बारभाईंचा ब्रश मंद झाला, ते माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. तिसरी जागा आली, आणि प्रज्ञा थांबली. हात मांडीवर ठेवले आणि स्टुलावर गर्रकन वळली.

"काका, वाजवा की!"

मी म्हटलं, "अगं तू वाजव ना. तुझ्या पप्पांचं आहे."

"पप्पाचं कुटं हाय ते? इथं तुमी हाव." रडकुंडीला आली होती, पण आवाज तुझा, भांडायचा. "मला शिकवतानाच सांगितलंय त्यांनी. ह्या तीन जागा दत्ताकाकाच्या हायत, आपण बोट लावायचं न्हाई. घरच्या क्यासिओवर समद्या पट्ट्या वाजतेत, तरीबी लावू दिलं न्हाई कदी. लावलं की हातावर मारायचे. म्हनायचे, दुसऱ्याच्या घरात शिरायचं न्हाई."

मिल्या.

चार नाही, चारशे माणसांत सांगितलं गेलं. मला पाहिजे होतं ते सगळं, शब्दाला शब्द. फक्त ते तू बोलला नाहीस. पोरीला सांगितलंस, घरात, दार लावून, जिथं माझ्या कानावर पडायची भीती नाही. म्हणजे संभाजीनगरला तू विसरला नव्हतास. ते बोट तू सवयीनं वर धरलं नव्हतंस. आणि मी तुला बैल म्हणालो तेव्हा तुझ्या तोंडात उत्तर होतं, ते तू खिडकीबाहेर बघत परभणीपासून पूर्ण्यापर्यंत चघळत आणलंस आणि मला दिलं नाहीस. हरामखोर माणसा! मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला तुझा फोटो उचलून जमिनीवर आपटावासा वाटला. आता मी कुणाशी भांडू?

"घ्या, काका," प्रज्ञा म्हणाली, आणि वळून पुन्हा सुरुवात केली.

मी गिटार उचलली. पहिली जागा आली आणि गेली. माझा हात हललाच नाही. आता मी रुसलो नव्हतो, मला कळलंच नाही कधी वाजवायचं ते. तिनं बोट वर धरलं होतं, तू शिकवल्यासारखं, आणि टक काही पडली नाही. तिला दत्ताकाकाच्या जागा सांगितल्यास, पण काका कशावर हलतो ते सांगितलं नाहीस. लोकांना वाटायचं, अरे मला सुद्धा वाटायचं की तुझ्या पियानोला मी पाहिजे. दुसऱ्या जागेला मी अंदाजानं तार छेडली, ती कितीतरी आधीच पडली. जब्बारभाईंनी मान हलवली.

मी उठून पियानोजवळ गेलो. "प्रज्ञा, ती पट्टी दाब."

"पप्पा नको म्हनायचे."

"ते घरच्या कॅसिओवर. इथं दाब. जोरात. मरू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. चाल परत फिरून तिथं आली आणि तिनं बोट हाणलं. टक. लाकडाची, कोरडी, तुझीच. माझा हात आपोआप खाली आला.

आणि सूर उतरलेला निघाला. सकाळी मी तारा लावल्या नव्हत्या ना.

मी तसाच वाजवत राहिलो, शेवटपर्यंत, एकेक टकेला एकेक उतरलेला सूर. चाल संपली. सगळ्यांनी हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हटलं. वहिनी येऊन म्हणाल्या, "भाऊ, लय छान वाजवलं. अगदी पैल्यासारखं." साहेबांनी माझा हात हातात घेतला. जब्बारभाईसुद्धा डोळे पुसत होते. भरलेल्या हॉलमध्ये एकाही माणसाला कळलं नव्हतं. मी किती वेळ तुझ्या फोटोसमोर गिटार धरून उभा होतो, कुणीतरी "उतरलाय" म्हणेल म्हणून.

कुणीच म्हणालं नाही.